समुद्रकाठच्या वस्तीभोवतीचं वणव्याचं जळण: काय कापावं, काय ठेवावं, सुरुवात कुठून करावी

तुमचा प्रश्न मला कळला तो असा. वस्ती समुद्राकडे उतरणाऱ्या टेकडीवर आहे. खाली अर्ध्या किलोमीटरवर पाणी, वरच्या अंगाला दाट झुडपं आणि त्यांच्यामागे निलगिरीचा जुना पट्टा. रहिवाशांत दोन तट पडले आहेत. एक म्हणतो, वस्तीभोवती शंभर मीटर बुलडोझर फिरवून सगळं मोकळं करा. दुसरा म्हणतो, समुद्राची दमट हवा आहे, सकाळी धुकं असतं, इथे वणवा येतोच कशाला; झाडांना हात लावू नका. वर्गणी जमली आहे ती बेताचीच, आणि कोरडा हंगाम काही महिन्यांवर आला आहे.

वस्त्यांभोवतीचं जळण कमी करायचं काम मी बरीच वर्षं करते आहे, त्यातलं बरंचसं किनाऱ्यालगत. माझं स्पष्ट मत आहे की दोन्ही तटांचं ऐकू नका. किती मीटर साफ करायचं हे नंतर ठरतं. आधी बघायचं ते आगीला घरात शिरायच्या वाटा कुठे कुठे आहेत. ही पाहणी भिंतीपासून सुरू करायची आणि बाहेर सरकत जायची. बुलडोझरची पाळी त्यात जवळपास शेवटी येते, आणि बऱ्याच ठिकाणी येतच नाही.

आधी समुद्राच्या भरवशाबद्दल, कारण तो भरवसा जिवावर बेततो. किनाऱ्याची हवा दमट असते ती वारा पाण्याकडून येत असेल तोवरच. वारा फिरला, डोंगर उतरून पाण्याकडे सुटला, की खाली येताना ती हवा दाबली जाते, तापते आणि कोरडी पडते. काही तासांत धुक्याचा मागमूस उरत नाही. ७ जानेवारी २०२५ ला लॉस एंजेलिसमधल्या पॅसिफिक पॅलिसेड्सची आग अशाच वाऱ्याने मालिबूच्या वाळूला टेकलेल्या घरांपर्यंत नेली. महिना हिवाळ्याचा, म्हणजे तिथल्या पावसाचा होता, पण पावसाने दडी मारली होती. ८ ऑगस्ट २०२३ ला माउई बेटावरचं लहायना जळलं तेव्हाही वारा डोंगराकडून समुद्राकडेच होता. १०२ माणसं गेली. कित्येकांनी जीव वाचवायला समुद्रात उड्या घेतल्या. अथेन्सच्या पूर्वेला माती नावाचं किनाऱ्यावरचं गाव आहे. तिथे २३ जुलै २०१८ ला आग पश्चिमेकडून आली. पाणी अगदी जवळ होतं, तरी कडे, कुंपणं आणि धूर यांत अडकून अनेकांना तिथवर पोचता आलं नाही. १०४ मृत्यू झाले. एका बाजूला समुद्र असणं म्हणजे पळायची एक दिशा कमी असणं. म्हणून किनाऱ्यावर तयारी जास्तच लागते.

आता तुमच्या उताराचा विचार करू. सगळ्यांचं लक्ष वरच्या झुडपांकडे आहे, कारण ती डोळ्यांत भरतात. घरांच्या खालच्या बाजूला, समुद्राकडे काय आहे ते तुम्ही लिहिलेलंच नाही, आणि माझ्या कामात हाच भाग हमखास राहून गेलेला दिसतो. दुपारी समुद्रावरचा वारा उतार चढून येतो. खालच्या रस्त्याकडेला कुणी जळतं थोटूक टाकलं, किनाऱ्यावरची शेकोटी नीट विझवली नाही, तर तोच वारा आगीला तुमच्या दारापर्यंत आणतो. चढणीवरची आग पुढचं जळण आधीच तापवत जाते. ढोबळ हिशेब असा की उतार १० अंशांनी वाढला की आगीचा वेग साधारण दुप्पट होतो, म्हणजे २० अंशांच्या चढणीवर सपाटीच्या चौपट. तेव्हा वरून येणारा कोरडा वारा वर्षातले मोजकेच दिवस असतो, पण खालून येणारा वारा रोजचा आहे. काम दोन्ही अंगांना लागेल, आणि घराखालच्या उतारावरचा पट्टा मी नेहमी वरच्यापेक्षा रुंद धरते.

जळण म्हणजे झाडं, असं आपण धरून चालतो. चूल पेटवताना कुणी ओंडक्याला काडी लावत नाही. आधी पाला, काटक्या, मग ढलप्या, ओंडका सगळ्यात शेवटी. वणवाही याच क्रमाने वाढतो. मेलेलं जळण किती वेळात आसपासच्या हवेइतकं कोरडं किंवा ओलं होतं, यावरून आम्ही त्याची वर्गवारी करतो. सुकं गवत, पानं आणि ६ मिलिमीटरपेक्षा बारीक काड्या यांना साधारण एक तास लागतो. अडीच सेंटिमीटरपर्यंतच्या फांद्यांना दहा तास, साडेसात सेंटिमीटरपर्यंत शंभर तास, आणि त्याहून जाड लाकडाला आठवडेच्या आठवडे. सकाळी दवाने चिंब असलेलं गवत दुपारी एका ठिणगीने पेटतं ते यामुळे. धुक्यावर विसंबणाऱ्या शेजाऱ्यांना हे दुपारी दोन वाजता गवताची मूठ हातात कुस्करून दाखवा.

हिरवं झुडूप तरी कायम निर्धोक असतं का? दक्षिण कॅलिफोर्नियात चमीस नावाच्या झुडपातलं पाणी नियमितपणे मोजतात. ते कोरड्या वजनाच्या ६० टक्क्यांवर उतरलं की ते झुडूप जवळजवळ वाळक्यासारखं जळणार असं धरून चालतात. शिवाय किनाऱ्यावरची झुडपं फसवी असतात. खाऱ्या वाऱ्याने ती बाहेरून कातरल्यासारखी गच्च आणि हिरवी दिसतात. फांदी बाजूला सारून आत बघितलं तर सगळा मेलेल्या काड्यांचा गुंता. जमिनीवर पसरणारी मांसल पानांची ‘आइस प्लांट’ वेलही तशीच. वरून रसरशीत, खाली वर्षानुवर्षांच्या सुक्या देठांची गादी. तिला आगरोधक म्हणून लावायचा सल्ला कुणी दिला तर तो घेऊ नका. कड्यावर ती पावसात जड होते आणि स्वतःबरोबर मातीही खाली ओढते.

आता शंभर मीटरच्या आग्रहाकडे वळते. अमेरिकी वनसेवेतले संशोधक जॅक कोहेन यांनी घरं नेमकी कशी पेटतात याचा आयुष्यभर अभ्यास केला. १९९० च्या दशकाच्या अखेरीस कॅनडाच्या वायव्य भागात जंगलाचे तुकडे मुद्दाम पेटवून केलेल्या प्रयोगांत त्यांनी आगीसमोर लाकडी भिंती उभ्या केल्या. झाडांचे शेंडे पेटवत जाणारी ती प्रचंड आग होती. १० मीटरवरच्या भिंती काही वेळा पेटल्या. २० आणि ३० मीटरवरच्या पेटल्या नाहीत. म्हणजे ज्वाळेच्या नुसत्या धगीचा प्रश्न पहिल्या तीसेक मीटरांत संपतो. तीव्र चढणीवर ज्वाळा उताराला चिकटून लांब जाते, त्यामुळे तिथे अंतर वाढवावं लागतं, हे खरं. पण त्यापलीकडे कितीही जमीन उघडी केलीत तरी निखारे थांबत नाहीत. जोराच्या वाऱ्यात ते किलोमीटरभर पुढे जाऊन पडतात. आणि बहुतेक घरं निखाऱ्यांनीच पेटतात, किंवा निखाऱ्यांनी पेटलेल्या शेजारच्या घराने.

म्हणून पहिला पैसा आणि पहिला रविवार भिंतीलगतच्या दीड मीटरवर खर्च करा. कॅलिफोर्नियाने २०२० च्या कायद्यात हा शून्य क्रमांकाचा पट्टा म्हणून वेगळा काढला, तो उगाच नाही. या दीड मीटरमध्ये जळण्यासारखं काहीही नको. खिडकीखालची शोभेची झुडपं, लाकडी सालींचं आच्छादन, भिंतीला रचलेलं सरपण, काथ्याची पायपुसणी, सगळं हलवा. तिथे खडी, फरशी किंवा उघडी माती चालेल. पन्हळीतला पाला काढा. लाकडी ओट्याखाली वाऱ्याने ढकललेली पानं आणि अडगळ असते ती काढा. निखारे नेमके तिथेच गोळा होतात. छताखालच्या आणि जोत्याच्या झरोक्यांना ३ मिलिमीटर किंवा त्याहून बारीक छिद्रांची धातूची जाळी बसवा, प्लॅस्टिकची वितळते. लाकडी कुंपण भिंतीला भिडत असेल तर शेवटचा दीड मीटर धातूचा करा, नाहीतर तेच कुंपण आगीला घरापर्यंत आणून सोडतं. या यादीत झाड तोडायचं काम एकही नाही, आणि तरी घर वाचायची शक्यता सगळ्यात जास्त याच कामाने वाढते. दोन तटांना एकत्र आणायलाही हेच बरं, कारण याला कुणाचाच विरोध नसतो.

दीड ते दहा मीटर या टप्प्यात झाडं-झुडपं असू द्या, पण सुटी सुटी. मेलेलं सगळं काढा. गवत १० सेंटिमीटरच्या आत ठेवा. झाडाखाली झुडूप असेल तर आग शिडीसारखी वर चढून शेंड्याला जाते. कॅलिफोर्नियात वापरतात तो नियम सोपा आहे: झुडपाचा शेंडा आणि त्याच्या वरची सगळ्यात खालची फांदी यांत झुडपाच्या उंचीच्या तिप्पट मोकळी जागा. दीड मीटरचं झुडूप असेल तर वर साडेचार मीटर मोकळे हवेत. बहुतेक वेळा झाडाच्या इतक्या फांद्या छाटण्यापेक्षा खालचं झुडूप काढणं सोयीचं आणि झाडाच्या भल्याचं असतं. झाड लहान असेल तर एक-तृतीयांशापेक्षा जास्त उंचीवरच्या फांद्या छाटू नका.

दहा ते तीस मीटरमध्ये झुडपांचे पुंजके ठेवा आणि पुंजक्यांमध्ये अंतर ठेवा. सपाटीवर झुडपाच्या उंचीच्या दुप्पट, चढणीवर चार ते सहा पट. हे मोजपट्टी घेऊन करायचं काम नाही. उताराच्या तळाशी उभं राहून बघा: एका पुंजक्याची आग दुसऱ्याला लागेल का? घळी असतील तर त्यांवर जास्त वेळ द्या. घळीत वारा कोंडून धुरांड्यासारखा वर खेचला जातो, आणि पाण्याच्या आशेने झुडपंही तिथेच सगळ्यात दाट माजतात.

हे सगळं सोडून एकदम बुलडोझर का नको? मला हे मनापासून सांगावंसं वाटतं, कारण यात झालेलं नुकसान भरून यायला माणसाचं आयुष्य पुरत नाही. किनाऱ्यावरची, मुळांनी माती धरून ठेवणारी झुडपं उपटलीत की त्या जागी बाहेरून आलेलं वार्षिक गवत येतं. ते झुडपांच्या कितीतरी आधी वाळतं, ठिणगीने पेटतं आणि आग झपाट्याने पुढे नेतं. म्हणजे जाड, उशिरा पेटणारं जळण काढून तुम्ही बारीक, लवकर पेटणारं जळण पेरता. लहायनाच्या वरचे उतार याचंच उदाहरण आहेत. तिथला ऊस बंद झाला, जमिनी पडीक राहिल्या आणि चाऱ्यासाठी आफ्रिकेतून आणलेल्या गिनी गवताने, बफेल गवताने त्या व्यापल्या. आगीला गावापर्यंत आणायला तेवढं पुरलं.

दुसरं मातीचं. उघड्या उतारावर पहिला मोठा पाऊस काय करतो ते मॉन्टेसिटोने पाहिलं. तिथे डिसेंबर २०१७ मध्ये टॉमस वणव्याने डोंगर उघडा केला आणि ९ जानेवारी २०१८ च्या पावसात चिखल-दगडांचा लोंढा वस्तीत उतरला. २३ माणसं गेली. वणव्याने भाजलेला अख्खा डोंगर आणि यंत्राने खरवडलेला पट्टा यांत फरक आहे, पण उघड्या मातीवरचं पाणी दोन्हीकडे त्याच वाटेने जातं. म्हणून मी जमिनीच्या वर कापते आणि मुळं जागेवर ठेवते. किनारी कडे आणि वाळूच्या टेकड्या यांवर तर बहुतेक देशांत परवानगीशिवाय कापणीच करता येत नाही. ती चौकशी कामाला लागायच्या आधी करा.

काही वनस्पती मात्र अशा आहेत की तिथे मी दयामाया दाखवत नाही. पहिली गॉर्स, पिवळ्या फुलांचं काटेरी, तेलकट झुडूप. अमेरिकेत ऑरेगनच्या किनाऱ्यावरच्या बँडन गावी आयर्लंडहून आलेल्या संस्थापकाने ते हौसेने लावलं. १९३६ च्या सप्टेंबरात त्याच झुडपांतून आग गावात शिरली आणि गाव जवळजवळ पूर्ण जळालं. गॉर्स नुसतं कापून भागत नाही. बुंध्यातून फुटतं, आणि बिया मातीत दशकानुदशकं जिवंत राहतात. त्यामुळे ते काढायला घेतलंत तर कित्येक वर्षं मागे लागायची तयारी ठेवा. दुसरे पंखाताड. मेलेल्या झावळ्यांचे झगे खोडाला लोंबत असतात आणि पेटले की जळत्या झावळ्या वाऱ्यावर लांब उडतात. झाड ठेवा, झगा उतरवा.

तुमच्या निलगिरीचं उत्तर परिस्थितीवर अवलंबून आहे. तिची सालं लांब पट्ट्यांनी सुटतात, लोंबतात, पेटून उडतात. ऑक्टोबर १९९१ मध्ये सॅन फ्रान्सिस्को उपसागराकाठच्या ओकलंडच्या टेकड्या जळल्या, २५ माणसं गेली, तेव्हा तिथल्या जळणात निलगिरीचा वाटा मोठा होता. तरीही सगळी एकदम तोडू नका. खुंट तसाच सोडला तर एका खोडाच्या जागी आठ-दहा फुटवे येतात, आणि दोन-तीन वर्षांत आधीपेक्षा जास्त बारीक जळण उभं राहतं. मधली बरीच झाडं एकदम काढली तर आडोशात वाढलेली उरलेली झाडं पहिल्या वादळात उन्मळू शकतात. तुमच्या जागी मी आधी तळाचा पालापाचोळा आणि सालं बाहेर नेईन, हात पोचेल तिथपर्यंत लोंबणारी सालं काढीन, खालची झुडपं आणि कोवळी रोपं काढीन. मग घरांच्या बाजूची एक-दोन रांगा झाडं, खुंट परत फुटणार नाहीत अशा तयारीनिशी, टप्प्याटप्प्याने. तिथे कोण राहतं, पक्ष्यांची घरटी कुठल्या महिन्यांत असतात, हेही पाहून.

कसं कापायचं, याबद्दल थोडक्यात. छोट्या वस्तीला हाताने कापणी सगळ्यात बरी. काय ठेवायचं ते माणसाला दिसतं. झुडपं जागच्या जागी भरडणारं यंत्र काम भराभर उरकतं, पण भरड्याचा जाड थर राहिला तर तो दिवसेंदिवस धुमसू शकतो, म्हणून तो पसरून पातळ ठेवावा लागतो. शेळ्या उतारावर उत्तम. पोर्तुगालने २०१७ च्या भीषण वणव्यांनंतर जळण कमी करण्यासाठी शेळ्यांचे कळप सरकारी योजनेतून वापरले. शेळ्या पानं आणि कोवळ्या काड्या खातात, जाड मेलेलं लाकूड खात नाहीत, आणि वेळेत हलवल्या नाहीत तर झाडांची सालं सोलतात आणि जमीनही उघडी करतात. नियंत्रित जाळणी हे फार जुनं आणि चांगलं साधन आहे. ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींनी, उत्तर कॅलिफोर्नियातल्या कारुक आणि युरोक लोकांनी ते पिढ्यान्‌पिढ्या वापरलं. पण घरांना खेटून, अशा उतारावर ते अग्निशमन यंत्रणेच्या हातीच असू द्या. रहिवाशांनी स्वतः काहीही पेटवू नये.

यंत्र वापरणार असाल तर सकाळी दहाच्या आत, आणि कोरडा वारा सुटला असेल त्या दिवशी अजिबात नाही. पातं दगडावर आपटून उडालेल्या ठिणगीने वणवे लागले आहेत. कापलेलं त्याच आठवड्यात उचला. ढीग करून सोडलेली सुकी झुडपं उभ्या झुडपांपेक्षा वाईट. ओलसर हंगामात कापणी करा, आणि गवताची शेवटची फेरी ते पूर्ण वाळायच्या थोडी आधी ठेवा. फार लवकर कापलंत तर परत वाढतं.

वस्तीबाहेरच्या जाळरेषेकडूनही, म्हणजे जळण काढून मोकळ्या ठेवलेल्या पट्ट्याकडूनही, योग्य तेवढीच अपेक्षा ठेवा. जोराच्या वाऱ्यात ती आग अडवत नाही, निखारे वरून जातात. तिचा उपयोग एवढा की तिथे ज्वाळा खाली बसते आणि बंब, माणसं तिथे उभी राहून काम करू शकतात. म्हणून ती रस्त्याला जोडलेली असावी. फेब्रुवारी २०२४ मध्ये चिलीत विन्या देल मारच्या परिसरात वणव्यांनी १३० हून अधिक बळी घेतले. त्याच परिसरात किल्पुएमधली बोतानिया ही वस्ती वाचली. तिथल्या रहिवाशांनी आधीच एकत्र येऊन सुकं गवत, झुडपं आणि कचरा काढला होता, फांद्या छाटल्या होत्या, वस्तीच्या कडेला मोकळा पट्टा राखला होता. अर्थात वाऱ्यानेही त्या दिवशी कुणाला किती साथ दिली हा भाग असतोच.

बेताच्या वर्गणीत यंदाचा क्रम मी असा लावीन: आधी प्रत्येक घराचा दीड मीटर आणि झरोके, मग बाहेर पडायच्या रस्त्याच्या दोन्ही कडा, कारण झुडपं पेटली की तोच रस्ता बंद होतो, मग घरांखालचा, समुद्राकडचा उतार, मग वरची झुडपं आणि निलगिरीचा तळ. पैसे मध्येच संपले तरी झालेलं काम वाया जाणार नाही. आणि वर्गणीतला निम्मा हिस्सा पुढच्या दोन वर्षांच्या राखणीसाठी बाजूला काढा. तेवढा निघत नसेल तर पट्टा अरुंद करा. दहा मीटर दरवर्षी राखलेले, तीस मीटर एकदाच कापून विसरलेल्यापेक्षा केव्हाही बरे.

नेमकं सांगायला मला आणखी काही गोष्टी हव्यात: उतार साधारण किती अंशांचा आहे, घराघरांतलं अंतर किती, बाहेर पडायचे रस्ते किती, कोरडा वारा सुटतो तेव्हा कुठल्या दिशेने येतो, आणि घरांच्या खाली समुद्राकडे नेमकं काय वाढलंय. शेवटची सगळ्यात आधी कळवा, जमल्यास फोटोसकट. खालच्या पट्ट्याची रुंदी त्यावरच ठरेल.